डूख धरलेला हेडसेट

मित्रांनो, मी लष्करी रेडिओचा एक जुना हेडसेट आहे. वस्तूंच्या गोष्टींमध्ये वस्तू नेहमी सोशिक असतात. मी तसा नाही. मी डूख धरतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब टेबलावर झाला. कानांवर बसणाऱ्या दोन वाट्या, तोंडापुढे वाकणारी माइकची दांडी आणि छातीवर अडकवायचं एक बटण, एवढाच माझा संसार. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एका वेळी एकानेच बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हा रेडिओचा धर्म आहे.

तळावरच्या कॅप्टन मॅडमनी मला निवडलं. त्यांची परीक्षा म्हणजे दिव्यच होतं. त्यांनी मला हेल्मेटखाली घातलं, चष्म्यावरून घातलं, धुळीत लोळवलं, धडधडत्या इंजिनाशेजारी उभं राहून माझ्यातून आकडे वाचून घेतले. माझ्याबरोबर आलेले चकचकीत पाहुणे हेल्मेट चढवताच कानावरून घसरले आणि आल्या पावली परत गेले. मी टिकलो. मॅडम म्हणाल्या, "दिसायला काही खास नाही, पण कामाचा आहे." त्यातल्या पहिल्या अर्ध्या वाक्याचा राग मला अजून आहे.

माझ्यात आणखी एक सोय होती. बटण न दाबता नुसत्या आवाजानेही माझा माइक चालू व्हायचा. मॅडमनी ती सगळ्या हेडसेटमध्ये बटणाशेजारची छोटी खुंटी फिरवून बंद करून ठेवली होती. सरावाचे प्रमुख असलेल्या मेजरसाहेबांना मात्र नेमकी तीच आवडली. "हात मोकळे राहतात की," ते म्हणाले.

"साहेब, माणूस धापा टाकायला लागला तरी माइक उघडतो. मग बाकीच्यांनी बोलायचं कसं?"

साहेब नुसते हसले. मॅडमना वाटलं, त्यांना पटलं. पण सरावाच्या सकाळी साहेबांनी आपल्या मदतनिसाला सांगून माझ्यातली ती सोय गुपचूप चालू करून घेतली.

मला घातलेला जवान चढ चढू लागला. त्याला धाप लागली, आणि मी इमानाने त्याची प्रत्येक धाप सगळ्यांच्या कानात पोचवत राहिलो. खाली उतारावर एक ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर चाकामागे दगड लावायला वाकला आणि ट्रक मागे सरकू लागला. मॅडमनी वरून ते पाहिलं. बटण दाबून त्या ओरडत राहिल्या, "मागे हो, बाजूला हो." ड्रायव्हरच्या कानात फक्त धापा पोचल्या. त्याचं पाऊल चाकाखाली गेलं.

चौकशीवाल्यांनी मला पिशवीत घालून सील केलं. मेजरसाहेबांनी सांगून टाकलं की हा हेडसेटच सदोष आहे, बटण न दाबताही उघडा राहतो, आणि असला माल निवडणाऱ्या मॅडमना या कामावरून काढलं पाहिजे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मॅडम रडकुंडीला आल्या होत्या, पण त्यांचं ऐकतो कोण? पिशवीत पडल्या पडल्या मी मनाशी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मोठ्या चौकशीला ब्रिगेडिअर आले. "त्या दिवशी झालं ते तसंच्या तसं करून दाखवा," ते म्हणाले. सगळ्यांनी आपापले हेडसेट चढवले. पिशवी मदतनिसाने उघडली आणि मला घालायला मेजरसाहेब स्वतःच पुढे झाले. दोघं चढाच्या पायथ्याशी, सगळ्यांपासून लांब जाऊन उभे राहिले.

"परत बटणावर आणलंस ना याला? खुंटी फिरवलेली कुणाला दिसायला नको," साहेबांनी हळूच विचारलं.

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या खुंटीला हात लावायची मदतनिसाची छाती झाली नव्हती, आणि ते कबूल करायचीही होईना. "हो साहेब," तो म्हणाला.

"मग ठीक आहे. त्या दिवशी मी तुला काय करायला लावलं, ते तुझ्या तोंडून निघालं तर याद राख. मॅडम गेल्या की विषय संपला. हेडसेट काय बोलणार आहे?"

मित्रांनो, मी बोललो. ब्रिगेडिअरांच्या कानात, मॅडमच्या कानात आणि कुबड्या घेऊन खुर्चीवर बसलेल्या ड्रायव्हरच्या कानातही शब्द न् शब्द बोललो. त्यासाठी मला वेगळं काहीच करावं लागलं नाही. साहेबांनी मला जसं लावून घेतलं होतं, तसाच वागलो. मग सगळी माणसं आपल्याकडे वळून बघताहेत हे साहेबांना दिसलं, आणि त्यांचा घाम माझ्या वाट्यांच्या गादीत मुरला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

मेजरसाहेबांचं पद गेलं. मॅडम आपल्या जागी राहिल्या. ड्रायव्हरला मात्र पुन्हा ट्रक चालवता आला नाही. तो आता आमच्या कोठीत असतो, आमच्या वाट्या पुसतो, वायरी सैल गुंडाळून ठेवतो. एकदा मेजरसाहेब त्याला भेटायला आले आणि बराच वेळ मान खाली घालून बसले. ते गेल्यावर ड्रायव्हर मॅडमना म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. मी माफ केलं त्यांना. किती दिवस मनात ठेवायचं?"

तो माणूस आहे, त्याला जमलं. म्हणून तुम्हाला विनंती आहे मित्रांनो, आमच्यात काही बदलण्याआधी जाणत्याला विचारा आणि मग त्याचं ऐकाही. आम्हाला आपणहून बदलता येत नाही. तुम्ही लावून ठेवाल तेच आमच्यात राहतं. रोज सकाळी ड्रायव्हर पाय ओढत माझ्या कपाटाकडे येतो, तो आवाज मी ऐकतो. मी अजून माफ केलेलं नाही.