चार सोमवारच्या सह्या

उंदरांवर माझा राग नाही. राग आहे तो त्यांच्याबद्दल अहवाल लिहिणाऱ्यांवर, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा तेलाचं काम आलं होतं. लेथवर लोखंड कापताना तेल सोडतात, ते तापून त्याचं धुकं होतं आणि कामगाराच्या छातीत जातं. ते फुप्फुसांचं काय करतं हे बघायला काचेच्या दोन पेट्या होत्या. एकीतल्या उंदरांना रोज सहा तास तेलाचं धुकं, दुसरीतल्यांना स्वच्छ हवा. तेरा आठवड्यांनी दोघांची फुप्फुसं तपासून फरक बघायचा.

ज्या कारखान्याने हे काम दिलं, त्यातच माझा दादा बावीस वर्षं लेथवर उभा होता आणि वर्षभर खोकत होता. डॉक्टरांनी लेथ सोडायला सांगितलं होतं. त्याने स्टोअरमध्ये बदलीचा अर्ज लिहूनही ठेवला होता, पण अहवाल आल्याशिवाय द्यायला तयार नव्हता. छोट्याची लॅब सांगेल ते खरं, असं तो वहिनीला सांगायचा. छोट्या म्हणजे मी, वय वर्षं सत्तेचाळीस.

स्वच्छ हवेची पेटी माझ्याकडे होती. तिची हवा कॉम्प्रेसरमधून यायची आणि आमचा जुना कॉम्प्रेसर स्वतःच तेल ओकायचा. म्हणून मध्ये फिल्टर होता. तो दर सोमवारी बदलायचा आणि रजिस्टरमध्ये सही करायची. नेमकी छातीची ओपीडीही सोमवारीच. दादाला एकटा पाठवला की नंबर लागायच्या आतच तो घरी परत. रजा मागितली तर प्रयोगशाळेच्या साहेबांनी साफ नाही म्हटलं. मग महिनाभर मी पेटी चालू करायचो आणि मागच्या दाराने सटकायचो. फिल्टर बदलायला तासभर लागतो, तो तास दादाला दिला. महिन्याच्या शेवटी चारही सोमवारच्या सह्या एका बैठकीत ठोकल्या, खऱ्या वाटाव्यात म्हणून दोन वेगवेगळ्या पेनांनी. केवढी ही अक्कल!

काम संपल्यावर फुप्फुसं तपासणाऱ्या मॅडमनी मला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. धुक्यातल्या उंदरांच्या फुप्फुसात साफसफाई करणाऱ्या पेशी तेल गिळून टम्म फुगल्या होत्या. स्वच्छ हवेतल्यांच्याही तशाच, जराशा कमी. मॅडम म्हणाल्या, दोन्हीकडे हेच दिसतंय, म्हणजे दोष तेलाचा नसावा. मग त्यांनी फिल्टरचं विचारलं.

"दर सोमवारी बदललाय, मॅडम. सह्या आहेत," मी म्हणालो.

दोन गटांत लक्षणीय फरक नाही, असा अहवाल गेला. साहेबांनी माझं कौतुक केलं, हा माणूस डोळ्यांत तेल घालून काम करतो म्हणून. कारखान्याने अहवाल बोर्डावर लावला.

त्याच संध्याकाळी दादा बिस्किटांचा पुडा घेऊन घरी आला. अर्ज फाडून टाकला म्हणाला. इतका खूश मी त्याला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. हसताना खोकला आला, तो थांबेना, तरी हसत होता. मला ते बघवेना.

"दादा, त्या अहवालावर जाऊ नकोस. फिल्टर मी बदललाच नव्हता."

यंत्रांत आयुष्य गेलेला माणूस, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. कधी, एवढंच त्याने विचारलं. ओपीडीच्या सोमवारी, मी म्हणालो. आता कानफटात बसणार असं वाटलं, आणि बसली असती तर मला बरंच वाटलं असतं.

"उद्या मॅडमना सांगून टाकतो," मी म्हणालो.

"कुणाला काही सांगायचं नाही. हाकलतील तुला. पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे तुझ्या."

"मग तू तरी अर्ज परत लिही."

"आणि कारण काय देऊ? तुमचा अहवाल लावलाय ना बोर्डावर." त्याने पुडा माझ्यापुढे सरकवला. "वहिनीला कळू देऊ नकोस."

सकाळी पहिल्या पाळीला तो लेथवर हजर झाला. मी प्रयोगशाळेत गेलो, मॅडमच्या खोलीवरून दोनदा गेलो आणि आत शिरलो नाही. लहानपणापासून दादाचं एक अक्षर न ऐकणारा मी, त्या दिवशी मात्र त्याचं निमूट ऐकलं.