आठशे मीटर खालचा हिवाळा

मी एक जुना प्रवाहमापक आहे. नाव भारदस्त असलं, तरी मित्रांनो, मी म्हणजे एक फिरकी, एक शेपटी आणि पोटात फीत असलेली धातूची नळी. पाणी वाहिलं की फिरकी फिरायची आणि त्याचा वेग फितीवर उमटायचा. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांपासून दूर, आठशे मीटर खोल, बर्फगार काळोखात मी एकट्याने काम केलं आहे. उगाच नाही मी मिजास करत!

समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करणाऱ्या रन्नवाने जूनमध्ये मला दोराला बांधून पाण्यात सोडलं. तळाच्या थंड प्रवाहालाही ऋतू असतात, असं तिचं म्हणणं होतं.

"अगं, जिथे ऊनच पोचत नाही, तिथे कसला उन्हाळा नि कसला हिवाळा?" तिचे साहेब हसायचे. हिवाळ्याची नोंद मिळाली नाही, तर मोजणी कायमची बंद करू, असंही त्यांनी बजावलं होतं.

मी इमानाने मोजत राहिलो. उन्हाळ्यात प्रवाहाला जोर होता. हिवाळा सरत आला, तसा तो मंदावला. रन्नवाचं खरं होतं, आणि ते साऱ्या जगात फक्त मला ठाऊक होतं!

पण एप्रिलमध्ये हानुस नावाच्या मच्छीमाराच्या, तळाशी ओढत नेलेल्या जाळ्यात मी अडकलो. समुद्राने दिलेलं त्या बेटांवर कुणी टाकून देत नाही. मटण वाळवायच्या खोपटाचं दार वाऱ्याने आपटू नये, म्हणून त्याने मला दाराला वजन म्हणून टांगलं. फळ्यांच्या फटींतून वारा आला की माझी फिरकी गरगरायची. मेंढीच्या तंगड्यांशेजारी लोंबकळताना मला फार लाज वाटे.

जूनमध्ये मला वर काढायला गेलेल्या रन्नवाला मी जागेवर दिसलो नाही, तेव्हा ती मला शोधत गावोगाव हिंडू लागली. हानुसकडेही आली.

"यंत्रबिंत्र काही नाही बाई माझ्याकडे. ये, आधी दोन घास खा," म्हणत तो तिला घेऊन मटण कापायला खोपटात शिरला. मागे दार मिटलं.

"हे काय टांगलंय, हानुसकाका?"

"ते होय? झकास वजन आहे. दार कसं आपसूक मिटतं बघ!"

"काका, तुम्ही माझा अख्खा हिवाळा दाराला बांधलाय!"

तिने माझी नोंद साहेबांपुढे पसरली. शेवटचे वेडेवाकडे आकडे पाहून ते म्हणाले, "आणि हे कुठलं वादळ?"

"ते हानुसकाकांचं खोपट. त्याच्या आधीचं वाचा, साहेब."

त्यांनी वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "नवा दोर मागव. मोजणी चालू राहील."

आज मी रन्नवाच्या फळीवर दिमाखात बसलो आहे. हानुस आता बंदरावर प्रत्येकाला बजावतो, "दाराला दगड बांधा रे, यंत्र पोरीला द्या!" मित्रांनो, तुम्हालाही माझ्यासारखं काही सापडलं, तर त्यावर कोरलेला मालकाचा नंबर वाचा आणि ज्याचं त्याला पोचवा. त्याच्या पोटात कुणाचा तरी हिवाळा असेल.