धुवणाची बादली

वैशाखातल्या दुपारी सुमनवहिनीच्या अंगणात ऊन थेट उतरत नसे. दोरीवर चिमट्यांनी टांगलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्यांतून गाळून, निळसर होऊन उतरे. आमच्या मुर्री गावात नवखा कुणी आला तर लग्नघर समजून आत शिरावा, असा थाट. धाकट्या दिराच्या हक्काने मी विचारायचो, वऱ्हाड कधी येणार? वहिनी हसायची, पण हात तांब्यावर थबकलेला असे. पिशवी खरकटी राहिली तर कबाडीवाला घेत नाही, मग ती नाल्यात जाणार. धुवावी तर विहिरीच्या पाण्याने तळ गाठलेला. धुतली तरी अपराध, फेकली तरी अपराध. या दोहोंच्या मधली सावली तिच्या कपाळावर सतत हलत असे.

मग तिला युक्ती सुचली. आमच्याकडे तांदळाचं धुवण कुणी ओतून देत नाही. ते शेजारच्या गायीचं. वहिनीच्या दाराशी त्याची बादली भरे आणि शेवंताबाईंची गाय दिवेलागणीला येऊन ती रिकामी करे. त्या बादलीतच वहिनी पिशव्या, आमच्या बोलीत पन्न्या, खळबळू लागली. पिशवी स्वच्छ, पाणी शाबूत! ते काही दिवस तिच्या पायांत नसलेले पैंजण मला ऐकू येत.

एका संध्याकाळी त्यात तेलाची पिशवीही बुडाली. गायीने बादलीत तोंड घातलं, फुरफुरली आणि मान फिरवून तहानलेलीच उभी राहिली. मागून आलेल्या शेवंताबाईंनी पाण्यावरचा तवंग पाहिला.

"काऊन वं सुमन, माह्या गाभण गायीचं पानी तू पन्नीले पाजून रायली का?"

वहिनीने आतून पिण्याचा माठ आणला आणि सगळाच्या सगळा गायीपुढे रिता केला. गाय घटाघटा पीत होती आणि वहिनी अशी उभी, जणू प्रत्येक घोट तिचं म्हणणं ऐकून घेत होता. बाजेवर बसून मी एखादी कोटी शोधत होतो, सापडली नाही.

पुढे पिशव्या ती स्वतःच्या आंघोळीतून राखलेल्या पाण्यात धुई. तरी धुताना ओठ पुटपुटत. कुणाची माफी, कळत नसे.

आता वहिनी नाही. घरात नळ आला आहे, तो सैल वाहतो, आणि कुणालाच काही टोचत नाही. माणूस नेल्यावरही काळ थांबत नाही, त्या माणसाच्या मनातली टोचणीही तो हळूच आपल्यातून काढून नेतो.