स्लेटरीची पावलं

नवऱ्याला, ऑर्व्हिलला, पुरून नऊ दिवस झाले होते आणि व्हर्ना डेटन गावातल्या चर्चच्या तळघरात भांडी परत करायला आली होती. अंत्यविधीनंतर चर्चमधल्या बायकांकडून तिच्याकडे चीज घालून भाजलेल्या शेवयांची सात भांडी आली होती, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. रडायचं ती सवडीने बघणार होती, आधी भांडी.

शनिवारी दुपारी त्या तळघरात रेडिओप्रेमींचं मंडळ जमे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या गुप्तहेर-नाटकांच्या संहिता माईकसमोर वाचायच्या आणि अकरा श्रोत्यांनी, खुनी कोण हे पाठ असूनही, श्वास रोखायचा. टीव्हीवर हल्ली प्रेतं आतड्यांसकट दाखवतात; इथे नुसतं दार करकरलं तरी मंडळी समाधानाने दचकत. ऑर्व्हिल बावीस वर्षं गुप्तहेर स्लेटरी होता. बोलायचा तो, चालायची व्हर्ना. पुरुषी बूट घालून, फळीवर, जागच्या जागी, स्लेटरीच्या पावलांचा आवाज काढत.

मंडळाचा अध्यक्ष वेंडेल, निवृत्त दंतवैद्य, तिला भांड्यांसकट कोपऱ्यात घेऊन गेला. दुःख दोन वाक्यांत आटोपून त्याने मुद्दा काढला. स्लेटरी आता मंडळातला फ्लॉइड वाचेल, पावलं तिनेच टाकावीत. नाहीतर स्लेटरी बंद करून विनोदी नाटकं घेऊ. व्हर्नाला विनोदी नाटकांचं काही वाटलं नाही. कशाचंच वाटत नव्हतं. पण फ्लॉइड भराभर बोलणारा. त्याच्या जोडीने चाललं तर ऑर्व्हिलची चाल आज संपली. ऑर्व्हिलच्या चालीने चाललं तर फ्लॉइडचं नाटक पडलं.

"अगं, पावलं तर आहेत नुसती," वेंडेल म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली आणि बूट चढवले.

पहिल्याच प्रवेशात फ्लॉइड जिना चढून वर पोहोचला, पावलं अजून तिसऱ्या पायरीवर. त्याने खोकून वेळ काढला. दुसऱ्या प्रवेशात तो तिच्या पायांकडे बघत वाचू लागला. तिसऱ्यात त्याने संशयिताला इतक्या सावकाश धमकावलं की मागच्या रांगेतली एक बाई पुढे सरकून बसली.

शेवटी स्लेटरी गल्लीतून एकटाच निघून जातो. पावलं विरली की मगच निवेदकाने बोलायचं, असा नियम. आणि निवेदक वेंडेल, नियमाचा माणूस. व्हर्ना चालत राहिली. हळू, आणखी हळू, पण चालत. एक मिनिट गेलं. दोन गेली. वेंडेल कागद धरून उभा. कोणीतरी उठून कॉफीचा बंब बंद केला.

फ्लॉइड माईक सोडून तिच्या शेजारी आला.

"व्हर्ना," तो कुजबुजला, "कुठवर पोचलाय गं तो?"

"गाडी कुठे लावली ते विसरलाय."

ऑर्व्हिलला गाडी कधीच सापडत नसे. दर शनिवारी त्याच्याबरोबर चर्चभोवती फेऱ्या मारायचं काम फ्लॉइडकडेच असायचं.

"शोधू दे," फ्लॉइड म्हणाला. "इथे कोणाला घाई आहे?"

तिने आणखी सतरा पावलं टाकली आणि थांबली. डोळे कोरडेच होते. गुडघा मात्र ठणकत होता. वेंडेलने निवेदन वाचलं, अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांतल्या सात जणींनी शेवयांची रिकामी भांडी आपापली ओळखून घेतली.

"पुढच्या वेळी जिन्यापर्यंत मी तुझ्या चालीने येते," व्हर्ना फ्लॉइडला म्हणाली. "तिथून पुढे तू माझ्या."