मोझेलबाईंनी तोंड उघडलं

सायमनने बायकोचं डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा भिंतीच्या अलीकडे मोझेलबाईंच्या स्वयंपाकघरातली चाळणी खिळ्यावरून खाली पडली. मग किंकाळी, मग खुर्ची मोडल्याचा आवाज, मग काहीच नाही. रास्ता पेठेतली जुनी घरं पाडून बिल्डरने इमारत उभी केली होती, पण भिंतींत हात आखडता घेतला होता. शेजारचं सगळं ऐकू येई. सकाळी ती मुलगी लिफ्टमध्ये दिसली. एक डोळा सुजून बंद. लवकरच ती इस्रायलला भावाकडे निघून गेली, आणि समाजात सगळ्यांनी ठरवून टाकलं की दोघांचं पटलं नाही.

मोझेलबाईंनी चकार शब्द काढला नाही. बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू समाजात त्या याचसाठी नावाजलेल्या. सिनेगॉगच्या अंगणात बायका कुणाची सून, कुणाचा घटस्फोट चघळू लागल्या की बाई पदर सावरून घराकडे चालू लागत. खरं असलं तरी कुणाचं वाईट बोलू नये, हे प्रार्थना चालवणाऱ्या हझान शालोमभाऊंनी शिकवलेलं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं. त्याबद्दल होणाऱ्या कौतुकाची थोडी चटकही लागली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणूनच बिबवेवाडीचे आरोनभाऊ लेकीसाठी चौकशीला त्यांच्याकडेच आले.

"बाई, तुमच्या शेजारचा सायमन कसा आहे हो? पहिलीचं काय बिनसलं?"

बाईंच्या डोळ्यांपुढे तो सुजलेला डोळा आला.

"कामसू आहे," त्या म्हणाल्या. "पहिलीचं मी कशाला बोलू?"

आरोनभाऊ खूश होऊन गेले. हिंजवडीत नोकरी, न्यायला-आणायला कंपनीची गाडी! पॅकेज ऐकल्यावर मुलाचे दुर्गुण शोधायची पुण्यात पद्धत नाही.

लग्नाआधी मुलीकडे मलिद्याचा विधी ठेवला. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने गूळ-खोबरं घातलेल्या पोह्यांचं मोठं ताट सजलं, प्रार्थना सुरू झाली. आरोनभाऊंच्या लेकीने, एस्तेरने सायमनला पाणी दिलं आणि थोडं त्याच्या शर्टावर सांडलं. तो हसला. हसतच तिला गॅलरीत घेऊन गेला. स्वयंपाकघराच्या दारातून मोझेलबाईंना सगळं दिसत होतं. त्याने तिचं बोट धरलं आणि उलटं वाकवत नेलं, कट्‌ आवाज होईपर्यंत. एस्तेरने पदर दातांत दाबला.

"ओरडलीस तर दुसरं," तो हळूच म्हणाला.

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. इतका राग त्यांना जन्मात आला नव्हता. त्या थेट ताटासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"थांबवा हे! हा बायकांना मारतो."

सायमन मागोमाग आलाच. "मावशी, तुम्ही? मलिद्यासमोर परनिंदा? लाशोन हारा?"

पाहुण्यांच्या नजरा बाईंवर वळल्या, आणि त्यांत सायमनचाच कैवार होता. शालोमभाऊंनी पुस्तक मिटलं.

"जीव वाचवायला बोललं तर ती निंदा नव्हे. बोला बाई."

बाई बोलल्या. भिंत, खुर्ची, सुजलेला डोळा, आत्ताचं बोट. शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत सायमनची मूठ त्यांच्या तोंडावर बसली. बाई ताटावर कोसळल्या, पोहे चौफेर उडाले. त्यांनी दात थुंकला आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगू लागल्या. त्याने पोटात लाथ घातली. तरी त्या सांगतच होत्या. मग पुरुष तुटून पडले. आरोनभाऊंनी त्याला खाली पाडून छातीवर गुडघा रोवला आणि ठोसे मारायला सुरुवात केली. सायमनचं नाक फुटलं, भुवई फुटली, त्यांची स्वतःची बोटं सोलवटली, तरी थांबेनात.

"मरेल तो!" ओरडत शालोमभाऊंनी त्यांना ओढून काढलं. दोघा-तिघांनी सायमनला फरफटत जिन्यापर्यंत नेलं, कुणी पोलिसांना फोन लावला.

एस्तेर बाईंपाशी बसली. मोडकं बोट पोटाशी धरून दुसऱ्या हाताने, पदराने त्यांचं तोंड पुसू लागली. "मावशी, तुम्ही मला वाचवलंत," म्हणत रडत होती.

आरोनभाऊ धापा टाकत समोर येऊन उभे राहिले.

"बाई, मी तुमच्या घरी आलो होतो. विचारलं होतं तुम्हाला."

"हो," मोझेलबाई म्हणाल्या. "विचारलं होतंत."

एस्तेरने बापाकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिने पदर त्यांच्या तोंडावरून काढून घेतला.