पिसवांवर कपाशीचं औषध

पावसाळा सरता सरता घरात पिसवा झाल्या. आधी भुऱ्या कुत्रा दिवसभर पोट खाजवू लागला. मग माझी नात पिंकी, नुकती चालायला शिकलेली, तिच्या घोट्यांवर लाल पुळ्या उठल्या. खाजवून खाजवून रक्त निघायचं.

"बैलाले गोचीड झाले तवा कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात टाकून पुसलं होतं," माझा मुलगा आदेश म्हणाला. "सगळे गळून पडले. हा तर कुत्रा."

"बैल केवढा, हा केवढा. आन् हा अंग चाटते."

"थोडंसंच टाकतो, माय. तुले सगळ्याचंच भेव."

सून साधना हसली. "पहिले तुमच्या अंथरायच्या वाकयीवर टाका. पिसवांचं गाव वसलं आहे तिच्यात."

मी पुन्हा 'नको' म्हटलं आणि गवत कापायला बांधावर गेले.

परत आले तर अंगणात फवारणीच्या दिवसांत शेतात येतो तसा उग्र वास. बादली पालथी पडलेली. आदेश गोठ्यात होता. साधना हातपंपावरून धुणं घेऊन येत होती.

"पिंकी कुठी आहे?" मी विचारलं.

"यायच्याजवळ सोडून गेली होती मी," साधना गोठ्याकडे पाहत म्हणाली.

"खाटेवर झोपली होती ना," आदेश म्हणाला.

खाट रिकामी होती.

ती मागच्या मांडवाखाली सापडली. भुऱ्या आडवा पडला होता, तोंडाला फेस, पाय थरथरत होते. त्याच्या ओल्या पोटावर गाल टेकून पिंकी पडली होती. डोळे मिटलेले.

हाक मारली, हलली नाही. उचलली तर मान माझ्या खांद्यावर कलंडली. झोपलेल्या लेकराचं अंग असंच सैल असतं, हे काय मला ठाऊक नव्हतं? तरी मी तिला गदागदा हलवलं. मग तिनं डोळे उघडले आणि मूठ तोंडाकडे नेली. मी ती मूठ घट्ट धरून ठेवली.

झबलं काढून फेकलं. साबणानं तिचं अंग, केस, बोटांच्या बेचक्या धुतल्या.

"औषधाची बाटली घे," मी आदेशला म्हटलं. तो नुसता उभा होता. "घे म्हणते ना."

शेजारच्या भैयाजीनं ऑटो काढला. मुलचेऱ्याच्या दवाखान्यापर्यंत दोन्ही बाजूंना जंगल, रस्त्यात खड्डे, आणि साधनाच्या मांडीवर पिंकी. तिच्या तोंडातून लाळ गळत होती. दात येत होते, लाळ रोजच गळायची. आजची लाळ कोणती, हे कोण सांगणार? साधना पुसायची, पुन्हा गळायची.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईनं बाटली वाचली, पिंकीच्या डोळ्यांत बॅटरी धरली, छाती तपासली. "डोळ्यांच्या बाहुल्या ठीक आहेत. पण संध्याकाळपर्यंत इथंच ठेवा. हे विष उशिरानंही चढतं." दर थोड्या वेळानं त्या येत आणि डोळे पाहत. आदेश दारात बसून होता. बाई येताना दिसल्या की तो मान फिरवायचा.

दिवे लागायच्या वेळेला त्यांनी घरी जायला सांगितलं.

भुऱ्याला भैयाजीच्या बायकोनं हातात पिशव्या घालून साबणानं धुतलं होतं, जनावरांच्या डॉक्टरला बोलावून सुई टोचून घेतली होती. तो जगला. दुसऱ्या दिवशी तेच डॉक्टर आदेशला म्हणाले, "कुत्र्यावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या सगळ्या अंथरुणात अन् जमिनीच्या भेगांत. कुत्रा बरा झाला की त्याच्या वजनाचं औषध मी देईन. तोवर घर साफ करा."

मग आम्ही वाकयी उकळत्या पाण्यात घातल्या, उन्हात टाकल्या. भेगा लिंपल्या. रोज कोपऱ्यांतून झाडून केर जाळला. तरी झाडताना पायावर काळा ठिपका उडायचा. कोशातल्या पिसवा निघत राहतात, डॉक्टर म्हणाले होते, थांबू नका.

एका सकाळी भुऱ्या उठून पहिल्यांदा अंगणात आला. पिंकी दोन्ही हात पसरून त्याच्याकडे धावली. आदेशनं हातातला चारा टाकला आणि तिला मधूनच उचललं, इतक्या जोरात की ती भोकाड पसरून रडली. त्यानं तिला छातीशी धरलं. ती मोठ्यानं रडत राहिली आणि आमच्यापैकी कोणीही तिला गप्प केलं नाही.