घुमटातले अंगठे

चढण्यात पटाईत, म्हणून तिला सगळे खार म्हणत. चुन्याचा गिलावा करणाऱ्या घरातली ती शेवटची. शिकवणारी आत्या सत्तरीला टेकलेली. प्रार्थनाघराच्या घुमटाला आतून तडा गेला, तेव्हा चुन्यातलं कळणारं दुसरं कुणी मिळेना. उपदेशक नाइलाजाने त्यांच्या घरी आले आणि उंबऱ्याबाहेरच थांबले.

"तुमच्या पावलांनी प्रार्थनाघरातली फरशी विटाळते. मी नाही, ग्रंथ सांगतो."

"मग वरच्या झरोक्यातून दोराने उतरले तर?" खारीने विचारलं.

ते विचारात पडले. "हवेबद्दल ग्रंथात काही नाही."

ते गेल्यावर आत्या पोट धरून हसली. "चला, हवेत तरी जागा झाली आपल्याला!"

सकाळी आत्याने छतावर खुंटाला वेढे देऊन दोर धरला. खार फळीवर बसून आत उतरली. तड्यावरची धूळ पुसली आणि थबकलीच. चुन्यात अंगठ्याचे तीन ठसे, खाली नखाची रेघ. काम संपलं की त्यांच्या घरात हीच खूण करत. शेजारी आणखी एक. तिने फळी फिरवली. तिरप्या उन्हात सगळा घुमट ठशांनी भरला होता, वेढ्यामागून वेढे. रुंद अंगठे, नाजूक अंगठे, बायकांचेही. खालून यातलं काहीच दिसत नसे.

"अगं बाई," ती पुटपुटली. घुमटाने ते उचललं आणि खाली प्रार्थनेला बसलेल्या प्रत्येकाच्या कानाशी नेलं. माना वर झाल्या.

"हे आमच्या माणसांचं काम आहे," ती म्हणाली. "ते काय हवेतून आले होते? विटाळाचं कुठल्या पानावर लिहिलंय?"

उपदेशकांनी पानं चाळली. पुन्हा चाळली. "वाडवडिलांनी सांगितलंय," ते शेवटी म्हणाले.

"आत्या, दोर सोड!"

पाय फरशीला लागले. गारेगार दगड. लोक मागे सरकले. एक म्हातारी तेवढी जागची हलली नाही. "पोरी, कसे दिसतात गं ते?"

खारीने हवेत अंगठा तीनदा टेकवला, खाली नखाने रेघ ओढून दाखवली. ती पुढच्या दाराने बाहेर पडली.

उपदेशकांनी त्या दिवशी फरशी तीनदा धुऊन घेतली. तरी लोक वर बघायचे थांबेनात. आणि दुसऱ्या दिवशी तडा भरायला छतावर चढल्यावर आत्या तर हटूनच बसली, "मलाही उतरव."

खारीने तिला फळीशी नीट बांधलं, अलगद आत सोडलं. मग आत्याचा आवाज आला, अगदी हळू, झोपलेलं कुणी जागं होऊ नये तसा.

"अगं, हा माझ्या अंगठ्याला बरोब्बर बसतो."